आवृत्ती संपल्याची रेघ

माझ्या दादाला थंडी सोसत नाही. पंखा जरा जोरात फिरला की हा कानाला मफलर गुंडाळतो. आणि अशा माणसाला वेड लागलं ते कशाचं, तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड इथल्या आजच्या चित्रकारांनी छापलेल्या चित्रांचं. त्यांत बर्फ, धुकं, गोठलेलं पाणी आणि एखादी रिकामी खुर्ची याखेरीज फारसं काही नसतं. कारखान्यात त्याला ‘बर्फवाले’ म्हणतात. तो रागावत नाही, उलट खूश होतो, त्यामुळे चिडवणाऱ्यांचीच पंचाईत होते.

दादा खोक्यांच्या कारखान्यात डाय बनवतो. साबणाचं किंवा औषधाचं खोकं उलगडून सपाट केलं तर जो आकार दिसेल, त्या आकारात पोलादी पाती वाकवायची आणि लाकडी फळीत ठोकून बसवायची. मशीन ती फळी पुठ्ठ्यावर दाबतं आणि खोकं कापलं जातं. पातं केसभर सरकलं तरी झाकण लागत नाही, म्हणून दादाचं सगळं काम दम धरून चालतं. कारखान्याला कागद पुरवणारी एक कंपनी तिकडची, उत्तरेकडची होती. ती दरवर्षी कॅलेंडर पाठवायची आणि त्यात दर महिन्याला तिकडच्या एखाद्या हयात चित्रकाराचं चित्र असायचं. बाकी सगळे त्यात सुट्टीचे वार बघायचे. दादा चित्रं बघायचा आणि महिना संपला की साहेबांना विचारून पान घरी आणायचा.

पहिलं पान मला अजून आठवतं. बर्फात दोन खांब, मधे कपडे वाळत घालायची दोरी आणि दोरीवर एकच हातमोजा. बाकी सगळा कागद कोरा.

“बघ ना, किती जागा मोकळी सोडलीय त्या माणसानं,” दादा म्हणाला.

“शाई संपली असेल,” मी म्हटलं.

तो हसला नाही. चित्राच्या बाबतीत तो कधीच हसत नाही. पुढे फोनवर त्याला नॉर्वेतल्या एक चित्रकार बाई सापडल्या. पिकलेले केस, दोरीला अडकवलेला चष्मा, शाईने बरबटलेला अंगरखा. त्या आपलं काम चालू असताना कॅमेरा लावून ठेवत. तांब्याच्या प्लेटवर सुईने ओरखडे काढायचे, त्यांत शाई भरायची, वरची शाई फडक्याने पुसायची आणि ओलसर कागद ठेवून प्लेट जड रुळाखालून काढायची, की ओरखड्यांतली शाई कागदावर उतरते. दादाला त्या बाईंची भाषा येत नव्हती, पण हात कळत होते. हळूहळू घरात ‘बाई’ म्हणजे त्याच बाई झाल्या. बाई शाई अशी पुसतात, बाई कागद इतकाच भिजवतात. कारखान्याच्या भंगारातला एक रूळ मागून आणून त्याने गॅलरीत छापायचं यंत्र जुळवलं आणि वहिनीचं कपडे वाळत घालायचं स्टँड बाहेरच्या खोलीत आलं.

“सवत आणायची तर निदान गरम मुलखातली तरी आणायची,” वहिनी म्हणाली आणि खो खो हसली. तेव्हा ती तशी हसायची. तिचं हसणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं.

वहिनी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. रांगेतल्या घाबरलेल्या माणसाला नाव, वय विचारता विचारता ती अर्धा बरा करायची, असं तिथले डॉक्टरच गमतीने म्हणायचे. मग एका सकाळी ती चूळ भरायला गेली आणि पाणी तोंडाच्या एका कडेने ओघळायला लागलं. चेहऱ्याच्या शिरेला सूज आली होती. औषधं झाली, व्यायाम झाले, शेकणं झालं. बरीच सुधारणा झाली, पण डावा डोळा थोडा मिटलेलाच राहिला आणि ओठांचा तो कोपरा खाली आला. गप्प असली तर फारसं कळायचं नाही. हसली की कळायचं. म्हणून तिने हसणं सोडलं, फोटो काढून घेणं सोडलं आणि अर्ज करून खिडकीवरून आतल्या रेकॉर्डरूममध्ये बदली मागून घेतली. तिथे कपाटं होती आणि कपाटांना तोंड दाखवावं लागत नाही, असं ती मला म्हणाली. मी तिच्यावर रागावले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दादाने तिची मनधरणी किती केली याला गणती नाही. “मी फोटो नाही काढत. तू तुझं काम कर, मी नुसता समोर बसून बघतो.” शेवटी ती कंटाळून हो म्हणाली. कितीतरी रविवार ती खिडकीपाशी बसून जुन्या साड्यांचे फॉल उसवायची आणि दादा समोर मांडीवर तांब्याची प्लेट घेऊन एकेक ओरखडा काढायचा. मी बजावलं होतं, “ओठ जरा नीट काढ हं.” तर म्हणाला, “नीटच काढतोय. आहेत तसे.”

पहिली प्रत निघाली तेव्हा मी तिथे होते. पांढराशुभ्र कागद आणि खालच्या कोपऱ्यात खिडकीकडे वळलेली वहिनी. मिटलेला डोळा होता, उतरलेला ओठ होता आणि तरीही ती काहीतरी मजेशीर बोलायच्या बेतात असल्यासारखी दिसत होती. प्लेटवरचं चित्र छापताना उलटं होतं, डावं उजवीकडे जातं. म्हणजे आम्हाला दिसते तशी नव्हे, आरशात तिची तिला दिसते तशी ती कागदावर आली होती. आणि आरशात तर तिने कधीपासून नीट पाहिलंच नव्हतं. तिने तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

“बरी दिसते की मी,” ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात तिने दवाखान्यातल्या साहेबांना सांगून खिडकी परत मागितली. मी मुद्दाम काहीतरी निमित्त काढून दवाखान्यात गेले. वहिनी खिडकीत बसली होती आणि एका म्हाताऱ्याला म्हणत होती, “आजोबा, वय खरं सांगा, इथे मुलगी नाही बघायचीय.” म्हातारा हसला, रांग हसली आणि वहिनीही हसली, तोंड वाकडं होईल तितकं होऊ देऊन. मी केसपेपर न काढताच परत आले. घरी जाऊन दादाला म्हटलं, तुझ्या बर्फाचे सगळे अपराध माफ.

इथे मी जरा घाईच केली.

बाईंच्या ओळखीतल्या चित्रकारांनी आपसात चित्रांची देवाणघेवाण करायचं ठरवलं होतं. प्रत्येकाने आपल्या एका चित्राच्या दहा प्रती पाठवायच्या, त्या दहा घरी जाणार आणि बदल्यात दहा जणांची चित्रं आपल्या घरी येणार. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून लिहून दादाने त्यात स्वतःला घुसवलं. खोक्यांच्या कारखान्यातला माणूस आणि आइसलंड-फिनलंडच्या कलाकारांच्या पंगतीत! त्याचे पाय जमिनीवर नव्हते. त्याने वहिनीच्याच चित्राच्या दहा प्रती काढल्या. वहिनीने विचारलं, “त्यातली एक मला?”

“दहाच प्रतींची आवृत्ती म्हणून कळवलंय गं. अकरावी काढली तर ती खोटी ठरते. तुझं दुसरं काढू, याहून मोठं.”

ती बरं म्हणाली. चाचणीच्या प्रती तर त्याने आधीच फाडल्या होत्या, कारण बाई फाडतात. तिने हातात धरलेली ती पहिलीसुद्धा त्यातच गेली.

दहाही प्रती रवाना झाल्यावरच्या रविवारी त्याने आम्हा दोघींना गॅलरीत बोलावलं. मी वाटाणे सोलत होते, वहिनीच्या हातात चहाचा कप होता. दादाने धुतलेला शर्ट घातला होता. त्याने आम्हाला समजावून सांगितलं, की आवृत्ती संपली की प्लेट बाद करायची असते. तिच्यावर आरपार रेघ मारायची, म्हणजे पुन्हा कोणी तिच्यावरून छापू शकत नाही आणि ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांची फसगत होत नाही. बाईही तसंच करतात, हसत हसत करतात. मग त्याने प्लेटवर तिरपी पोलादी पट्टी ठेवली, ती डाव्या हाताने घट्ट दाबली आणि सुई ओढली. कर्र असा आवाज झाला. रेघ वरच्या कोपऱ्यातून निघाली ती मिटलेल्या डोळ्यावरून, ओठाच्या उतरलेल्या कोपऱ्यावरून थेट खाली गेली. अशी रेघ मारल्यावर पुरावा म्हणून एक प्रत काढतात, तीही त्याने लगेच काढली आणि दोरीवर चिमट्याने वाळत लावली. वहिनी समोर उभी होती. दोरीवर तिचा चेहरा होता आणि त्याच्यावर काळी, जाड, भरघोस शाईची रेघ.

“बाईंना फोटो पाठवतो,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

“चहा गार झाला,” वहिनी म्हणाली आणि आत गेली.

दादाच्या लक्षात काही आलं नाही. आठवडाभराने वहिनी पुन्हा रेकॉर्डरूममध्ये गेल्याचं कळलं, तेव्हा तो माझ्याकडे आला. “काय झालं गं हिला? छान चाललं होतं.”

माझ्या तोंडाला तसाही लगाम नाही. “तू तिच्या तोंडावर रेघ मारलीस,” मी म्हटलं.

“तिच्या कुठे? प्लेटवर मारली.”

“आणि प्लेटवर कोण होतं?”

तो उभा होता तो खाली बसला. मला वाटलं होतं, वाद घालेल, बाईंचे दाखले देईल. तो नुसता आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मी रेघ सरळ येतेय का एवढंच बघत होतो.” खोटं नव्हतं ते. आयुष्यभर त्याने तेवढंच बघितलं होतं आणि त्याचं कौतुकही झालं होतं.

त्यानंतर दादा सुकला. तांबं घासून घासून रेघ घालवायचा प्रयत्न त्याने केला, तर रेघेबरोबर डोळाही पुसट व्हायला लागला, म्हणून थांबला. बाईंना लिहिलं. त्यांनी तत्परतेने आपली प्रत परत पाठवायची तयारी दाखवली. वहिनी म्हणाली, “दिलेलं परत मागू नका. तिथे तरी मी कुणाच्या भिंतीवर धड आहे.” हे ती टोचून बोलली असती तर परवडलं असतं, पण ती सरळच बोलली. दादाने बर्फाची चित्रं भिंतीवरून उतरवली. संध्याकाळी वहिनीने ती पुन्हा लावली. “चित्रांनी काय केलंय?” म्हणाली. ज्या पाकिटासाठी तो जीव टाकत होता ते दहा चित्रांचं पाकीट पोस्टाने आलं आणि कपाटावर न उघडता पडून राहिलं. तिच्याशी बोलताना तो तिच्या चेहऱ्याकडे बघेनासा झाला. तिने त्याचा भलताच अर्थ घेतला असणार. मी दोघांना वेगवेगळं झापलं, उपयोग शून्य.

मग काही महिन्यांनी त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. नवी प्लेट आणून आरसा समोर ठेवून त्याने स्वतःचा चेहरा काढला. स्वतःला त्याने काही सूट दिली नव्हती. पोक, टक्कल, मफलर, सगळं होतं. त्याच्याही दहाच प्रती काढल्या आणि एका रविवारी पुन्हा आम्हा दोघींना गॅलरीत बोलावलं. टेबलावर प्लेट ठेवली, प्लेटवर पट्टी ठेवली आणि सुई वहिनीच्या हातात दिली.

“आवृत्ती संपली. रेघ तू मार,” तो म्हणाला. “हवी तिथून मार.”

मला त्याचा हिशेब कळला. लहानपणी आम्ही भांडलो की तो असाच गाल पुढे करायचा, मार एक, म्हणजे फिट्टंफाट. वहिनीलाही कळला असावा. तिने चष्मा लावला. डाव्या हाताने पट्टी दाबली. सुईचं टोक प्लेटच्या कोपऱ्यावर टेकवलं.  मनातून मला वाटत होतं, मार बाई एकदाची जोरात, म्हणजे घरातलं हे मळभ तरी जाईल.

सुई थोडी सरकली, टकलाच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. वहिनी प्लेटवरच्या त्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने एकदा हात झटकला, सुई नीट धरली, पुन्हा टेकवली. हात पुढे जाईना. तिचे डोळे भरले आणि मिटलेल्या डोळ्यातून पाणी आधी ओघळलं.

“मला नाही होत,” ती म्हणाली. मग किती दिवसांनी तिने मान वर करून सरळ दादाकडे पाहिलं, सगळा चेहरा त्याच्या समोर धरून. “तुम्हाला कसं झालं हो?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दादाने प्लेटवरची पट्टी उचलून बाजूला ठेवली.  मग तिने सुई टेबलावर ठेवली आणि टोक कुणाला लागू नये म्हणून भिंतीकडे वळवून ठेवली.