रुळेल

वळसंगहून भाजी सोलापूरच्या बाजारात न्यायला आम्ही नवीकोरी टेम्पोगाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात ती भर रस्त्यात बंद पडली. एजन्सीचा मालक हसून म्हणाला, "वहिनी, नवी गाडी म्हणजे नवी नवरी. रुळेल." मग गिअर अडकला तरी रुळेल, पाणी उकळलं तरी रुळेल! दर वेळी तोच माणूस, तेच हसू. इकडं माझी वांगी गाडीतच सुकायची.

सासरी आले तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं. मी रुळले, कारण परत जायची सोय नव्हती. गाडीला होती.

पुढच्या खेपेला ती कुंभारीपाशी बंद पडली, तेव्हा मी गाडीलाच बैल जुंपले. "लोक हसतील," आमचे हे म्हणाले. "हसू द्या की!" भर बाजारातून गाडी ओढत आणली आणि एजन्सीच्या दारात आडवी लावली. मी आतच बसून राहिले.

मालक धावत आला. "वहिनी, गिऱ्हाइकांची वाट अडलीय. खाली तरी उतरा."

"इंजिन बदलल्याबिगर न्हाय," मी म्हटलं. "नवी जागा हाय, जरा अवघड वाटतंय. पण रुळंन की मी."