टायर मी निवडले नव्हते

परंड्यात कुर्डुवाडी रोडला माझं टायरचं दुकान आहे. गल्ल्याच्या मागं भिंतीवर एक फोटो आहे. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ आणि पाठीमागं चिखलानं माखलेली एक छोटी जुनी गाडी. गिऱ्हाइकानं विचारलं की मी सांगायचो, ही गाडी शर्यतीत पहिली आली, तिचे टायर मी निवडले. हे खोटं आहे. ज्यांनी ज्यांनी ते माझ्या तोंडून ऐकलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. त्याची ईट गावात खव्याची भट्टी आहे. गाडी चालवत होती त्याची मुलगी, माझी पुतणी. भट्टीसाठी वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करायला टेम्पो तीच नेते. पावसाळ्यात ज्या पाणंदीत माणूस चप्पल हातात घेऊन चालतो, तिथून ती भरलेले कॅन घेऊन येते. आम्हाला त्यात कधी काही विशेष वाटलं नाही.

सोनारीच्या अलीकडं नवा रस्ता सरळ झाला, तेव्हा जुन्या डांबरी रस्त्याचा एक वाकडा तुकडा तसाच पडून राहिला. सोयाबीन निघाल्यावर भागातली पोरं तो तुकडा आणि शेजारचं रिकामं रान जोडून गोल वाट आखतात. तीन-चार गाड्या एकदम सुटतात, अर्धा फेरा डांबरावर, अर्धा मातीत. याला रॅलीक्रॉस म्हणतात, हे मला पुतणीनंच सांगितलं. जिंकणाऱ्याला एक ढाल मिळते आणि वर्षभर चहाच्या टपरीवर मान मिळतो.

हा फोटो निघाला त्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी परतीच्या पावसाची दणकट सर येऊन गेली. पुतणी टायर बघायला दुकानात आली. मी तिच्यासाठी रुंद, जवळजवळ गुळगुळीत टायर काढून ठेवले होते. जितका रुंद टायर तितकी जास्त पकड, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. मागच्या ढिगात शिरली आणि दोन अरुंद, खोल नक्षीचे टायर ओढत बाहेर आली. ट्रॅक्टरचे नातू शोभतील असे. ते पुढच्या, गाडी ओढणाऱ्या चाकांना घालायचे, आणि मागं झिजलेलेच राहू द्यायचे, असं तिचं म्हणणं.

आमच्या धंद्यात चांगली जोडी मागं घालतात. मागचं चाक घसरलं की गाडी गरकन फिरते. मी तिला हे समजावलं. ती म्हणाली, "फिरायलाच पायजे, नाना. चिखलात ष्टेरिंगनं वळत न्हाय ती. मागनं घसरली की तोंड आपसूक वळतं."

मी म्हणालो, अर्धी वाट डांबराची आहे, तिथं हे अरुंद टायर मार खातील. ते तिला मान्य होतं. डांबरावर थोडी मागं पडेन, पण रानात बाकीचे अडकतील, असं ती म्हणाली. मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"आज्याची धाव किती रुंद असायची?"

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. आमचे वडील ती लालबुंद तापवून चाकावर बसवायचे आणि वर पाणी ओतायचे. धाव तीन बोटं रुंद. काळ्या रानात ती वरचा चिखल कापत जाऊन खालच्या मुरमाला टेकायची. रुंद चाक चिखलावर तरंगलं असतं आणि तिथंच फिरत बसलं असतं. हे मला तिच्याआधी कळायला हवं होतं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं. मी हसून विचारलं, "गाडीला बैल जुंपतीस का मग? तू खवा आट, टायर मला कळत्यात." तिनं मशीन लावून टायर स्वतःच चढवले. मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर उभा होतो. डांबरावर ती शेवटी होती. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. मग गाड्या रानात उतरल्या. पहिल्या दोन गाड्यांची रुंद चाकं चिखल लपेटून दुप्पट जाड झाली आणि जागच्या जागी फिरू लागली. तिसरी आडवी झाली. आणि ती त्यांच्यामधून आली. वळणावर गाडीचा मागचा भाग सुटला तसे मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी उलटलेली नव्हती. मागं चिखलाचा पंखा उडवत, अंग तिरकं टाकून, ती पुढच्या वाटेकडं तोंड करून निघाली होती, घार हवेत वळते तशी. प्रत्येक फेऱ्यात तेच वळण, तेच घसरणं. एकदाही चुकीनं नाही. उभं आयुष्य टायर विकले, पण टायर काय करू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं. सगळे पांगल्यावर मी त्या रानात चालत गेलो. काळ्या चिखलात दोन अरुंद रेघा होत्या, तळाशी तांबूस मुरूम उघडा पडलेला. लहानपणी बैलगाडीमागं चालताना दिसायची, हुबेहूब तशी चाकोरी. मी खाली वाकून तिला हात लावला.

पण त्याआधी व्हायचं ते होऊन गेलं होतं. आमच्याकडं बैलांच्या शर्यतीत गाडी जिंकली की लोक विचारतात, बैल कुणाचे? शाल मालकाला मिळते, हाकणाऱ्याला नाही. त्या सवयीनं कुणीतरी ओरडलं, "टायर कुणाचे?" भावानं माझ्याकडं बोट केलं. माझ्याच दुकानातले होते, म्हणून मी हात वर केला. शाल आली, नारळ आला. पुतणी गाडीच्या काचेवरचा चिखल पुसत होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पुसू लागली.

असे टायर असले तर गाडी कुणीही हाणेल, असं म्हणून भावानं पुढच्या वर्षी गाडी माझ्या मुलाला दिली. मी गप्प बसलो, कारण तो माझा मुलगा होता. पोरगा चांगला आहे, पण वळण आलं की घाबरून गाडी हळू करायचा. तेच टायर असून मागं राहिला. टायर जुने झाले, असं लोक म्हणाले. मी तेव्हाही गप्प. पुतणी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडं उभी होती. प्रत्येक वळणाला तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. ते एकट्या मला दिसलं.

यंदा भाऊ दुकानात आला. पुतणी बाहेर टेम्पोत बसून होती. तो म्हणाला, "दादा, पोरासाठी नवी जोडी काढा. तुमचा हात लागला की काम फत्ते."

मी त्याला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. खवा आट म्हणालो तेही. तो उठून फोटोजवळ गेला. तिथूनच म्हणाला, "घरातलीच पोरगी, दादा. तुम्ही मला तवाच सांगायचं व्हतं." गाडीची किल्ली खिशातून काढली आणि बाहेर जाऊन टेम्पोच्या खिडकीतून आत दिली.

ती उतरून आत आली. रडली नाही, पाया पडली नाही. "लई येळ लावलात, नाना," एवढंच म्हणाली आणि ढिगाकडं गेली.

या वेळी टायर मी चढवले. सवयीनं हवा गच्च भरली. रानाला एवढी हवा नको म्हणत ती खाली बसली, टायरच्या वॉलची पिन नखानं दाबली आणि कान लावून सुटणारी हवा ऐकत राहिली. मी हवा मोजायचा मीटर पुढं केला. तिनं मान हलवली आणि ऐकत राहिली. मी मीटर खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसलो, तिला काय ऐकू येतं ते मलाही येतं का बघायला.