अनिताच्या घराची लाइन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी सध्या बेंगळुरूला एका ऑफिसात नेटवर्क सांभाळतो. नववीत शाळा सोडलेला माणूस इथवर आला तो दोघांमुळे. एक चकलांब्याचे बाळूदादा. त्यांनी गावात घरोघर इंटरनेटची लाइन दिली आणि आपल्या दुकानातला कॉम्प्युटर माझ्या हवाली केला. दुसरी अनिता. आमच्याच गल्लीतली, बालवाडीपासून वर्गात.

कॉम्प्युटरवर सगळं इंग्रजीत. मला कुठं येतंय? अनिता संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून एकेक शब्द वहीत लिहून द्यायची, समोर मराठी. "लिमिट म्हंजे मर्यादा. ध्यानात ठेव, इंजिनीअर." वही अजून माझ्याजवळ आहे. ती उघडली की सगळं आठवतं — विहारावरचा निळा झेंडा, कुणाच्या तरी चुलीवरच्या भाकरीचा वास, रस्त्यानं धडधडत जाणारे वाळूचे हायवा ट्रक. हायवा गेला की दुकानाचा स्लॅब हादरायचा, वरची, टॉवरकडून नेट घेणारी डिश हलायची आणि सगळ्या गावाचं नेट अडखळायचं. आम्ही हसायचो. किती साधं होतं सगळं! खरंच होतं का?

टॉवरवरून येणारं नेट थोडंच, म्हणून वाटून द्यावं लागायचं. स्क्रीनवर प्रत्येक घराचं नाव, नावापुढे चौकट. चौकटीत टाकाल त्या आकड्यापेक्षा जास्त वेग त्या घराला मिळत नसे. एकजण सिनेमा उतरवत बसला तर बाकीच्यांची लाइन मरू नये, म्हणून. बाळूदादा बजावायचे, "समद्यांला सारखं, बे. सरपंच असो का कुणी."

मग अनिताला पुण्याच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. शिष्यवृत्ती, राहायची सोय, सगळं. फक्त मुलाखत व्हायची होती — ऑनलाइन, दुपारी बारा वाजता. मोबाइलला आमच्या गल्लीत रेंज नसायची, भरवसा माझ्या लाइनीवर. आदल्या दिवशी सांगून गेली, "उद्या तेवढं नीट ठेव रं."

आणि मी —

बाळूदादा गेवराईला गेलते. बाराला मी तिच्या घरापुढची चौकट उघडली आणि आकडा खाली आणला. लाइन तोडली नाही. तोडली असती तर कुणीतरी विचारलं असतं. इतकीच हळू केली, की चेहरा दिसावा पण बोलणं पोचू नये. विचार करून केलं. कशासाठी? ती जाऊ नये म्हणून? की माझ्या पुढे जाऊ नये म्हणून? दुसरं खरं आहे.

ती पळत आली. "कावून अडकतंय रं? त्यांला माझं काहीच ऐकू जाईना!"

"हायवा गेला आत्ताच. डिश हलली आसंल."

शिडी तिनंच आणून लावली. मी वर चढलो आणि उन्हात उभा राहून धड असलेली डिश इकडून तिकडे फिरवत राहिलो. खाली ती शिडी दोन्ही हातांनी धरून उभी. मी पडू नये म्हणून. "सावकाश," म्हणत होती. तिची वेळ निघून चालली होती आणि ती मला सावकाश म्हणत होती.

खाली आलो, आकडा होता तसा केला. तोवर मुलाखत संपली होती. कॉलेजानं दुसरी वेळ दिली नाही.

पुढच्या वर्षी मला इथली नोकरी लागली. अर्ज तिनंच लिहून दिला होता.

अनिता आता विहारात पोरांची शिकवणी घेते. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता चित्र थांबलं. परत आलं तेव्हा ती हसत होती.

"हायवा गेला वाटतं, इंजिनीअर?"

मीही हसलो. म्हणालो, "हां. गेला आसंल."