दवनीवाडा ते बोदलकसा: ताईच्या गावापर्यंत धावत

हिवाळ्याच्या सुट्टीत जर्मनीहून घरी जायचं नक्की झालं, तेव्हा कपड्यांच्या आधी मी बॅगेत धावण्याचे बूट टाकले. दवनीवाड्यातल्या आमच्या घरून निघायचं आणि बोदलकसा तलावाजवळ, वनिताताईच्या सासरी, धावत पोचायचं असं मनात होतं. फोनवर बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बस आहे, लुना आहे, तू कायले तरास करून घेतेस. त्यांची समजूत घालायला बरेच दिवस गेले. शेवटी एका अटीवर ते तयार झाले. मी धावणार, आणि माझ्या मागे लुनावर ते असणार.

मुळात हे धावणं आलं कुठून, ते आधी सांगते. शिकायला गेले त्या पहिल्या हिवाळ्यात मला झोप येईनाशी झाली. तिकडे दुपार सरायच्या आत अंधार पडतो. प्रयोगशाळेतले लोक चांगले होते, पण दिवसभरात माझ्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघत नसे. बाबा गावातल्या विहारात रविवारी ध्यानाला बसतात. लहानपणी आम्हा दोघी बहिणींनाही बसवायचे. म्हणून मीही खोलीत मांडी घालून बसून पाहिलं. डोळे मिटले की घर दिसायचं आणि रडू यायचं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बसनं होत नसल त नको बसू. चालता चालता पाह्य. श्वास काय बसल्यावरच येते?"

मी चालायला लागले. चालताना अंग गारठायचं, म्हणून पळायला लागले. आमच्या वसतिगृहामागून नदीकाठाने एक कच्ची वाट जाते, तिच्यावर. पहिले काही आठवडे फक्त धाप आणि पोटात कळ. मग एका सकाळी लक्षात आलं की बराच वेळ झाला, आपण कशाचाच विचार केलेला नाही. श्वास येतोय, जातोय, पाय पडतोय, बस. त्या रात्री झोप लागली. पुढे पुढे तर डोळ्यांसमोर ती परकी नदी असायची आणि पाय मात्र तिरोड्यावरून ताईकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडायचे. कडेला धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं, मोहाची झाडं, सगळं हजर. दोन वर्षं मी तो रस्ता तिकडूनच धावत होते.

आनंद झाला की माणूस आधी आपल्या माणसाला सांगतो. मी ताईला फोन केला. खरं तर घरात धावणारी ती. पोलिस भरतीसाठी ती रोज पहाटे शाळेच्या मैदानावर पळायची आणि मी शाल गुंडाळून कडेला बसून तिच्या फेऱ्या मोजायची. गावातली पोरंही तिच्या मागे पडायची. पण भरतीच्या दिवशी धावायची पाळीच आली नाही. उंची मोजली तिथेच थोडक्यात हुकली. दुसऱ्यांदाही तेच. मग लग्न झालं. तर त्या ताईला मी उत्साहाने सांगत होते, धावताना कसं सगळं शांत होतं, कुठे पोचायचं नसतं, काही मिळवायचं नसतं. मग ती म्हणाली, "बरं, ठेवतो मी. ढोरं आली." आमच्याकडे बायाही 'ठेवतो', 'जातो' असंच म्हणतात. त्यानंतर तिचं फोनवरचं बोलणं आखडत गेलं. जेवली का, बरी आहेस का, ठेवतो. नोकरीसाठी जीव तोडून धावलेल्या माणसासमोर मी काही न मिळवण्याचं कौतुक सांगून बसले, असाच अर्थ मी लावला. फोनवर विचारायचा धीर झाला नाही. म्हणून हा प्रवास.

नागपूरहून गोंदियाला गाड्या भरपूर आहेत, दोन-अडीच तासांत पोचता. गोंदिया स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. पोहेवाला माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "दीदी, जूते बढ़िया हैं, कहाँ से लिये?" गोंदियात मराठी बोललात तरी उत्तर हिंदीत येतं, वाईट वाटून घेऊ नका. तिथून दवनीवाड्याची बस मिळते. वेळापत्रकावर फार विसंबू नका, स्टँडवर विचारा.

घरी माय दारातच उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वाळली म्हणाली. दोन दिवस लाखोरीची भाजी आणि नव्या तांदळाचा भात, एवढंच खाल्लं. धान कापल्यावर त्याच ओलीवर लाखोरी उगवते आणि तिचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. त्या भाजीची चव मला तिकडे स्वप्नात यायची. खाताना आता माय समोर होती, तरी दर घासाला ही सुट्टी संपणार आहे हे आठवत होतं.

निघालो त्या सकाळी धुकं होतं. माझ्या मागे बाबा, कानाला मफलर, हँडलला पाण्याच्या बाटल्या, पिशवीत मायने दिलेले मुरमुरे आणि गूळ. लुना माझ्या वेगाने चालेना. म्हणून ते पुढे जायचे, एखाद्या झाडाखाली थांबायचे, मी त्यांना ओलांडून गेले की पुन्हा निघायचे.

रस्त्यावर मी एकटी नव्हते. हिवाळ्यात पहाटे आमच्या भागात कुठल्याही रस्त्यावर पोरंपोरी पळताना दिसतील. कोणी पोलिसासाठी, कोणी सैन्यासाठी, कोणी वनरक्षकासाठी. एक मुलगी थोडा वेळ माझ्या जोडीने धावली. तिने विचारलं, कोणती भरती. मी म्हटलं, कोणतीच नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, वेग वाढवला आणि धुक्यात दिसेनाशी झाली. तिची वेणी पाठीवर आपटत होती, ताईची आपटायची तशीच. मी बराच वेळ त्या धुक्याकडेच बघत धावले.

चहाच्या टपरीवर तसाच प्रश्न बाबांना आला. "काऊन धावून राहिली पोरगी?" बाबांनी सांगितलं की बाहेरदेशी शिकते, अशीच धावते. टपरीवाल्याला ते पटेना. "अशीच? कायले?" बाबांनी श्वास, ध्यान, मनाची शांती असं बरंच समजावलं, तोवर चहा थंड झाला. पुढच्या गावात कोणी विचारलं तेव्हा मला लांबून ऐकू आलं, "हो, भरती आहे." मी हसले तर म्हणाले, समजावत बसलो तर इथेच सांज होईल.

कोणाला हा रस्ता करायचा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. डांबर बऱ्यापैकी आहे, कडा तुटलेल्या आहेत, पाय मुरगळू शकतो. गावातली कुत्री मागे लागतात. पळू नका, चालायला लागा, ती कंटाळतात. सावली कमी असल्यामुळे ऊन चढायच्या आत मोठा टप्पा उरका. चहा पाच रुपयांत सगळीकडे मिळतो, जेवण मात्र तिरोड्यातच. आम्ही तिरोड्यात मावशीकडे थांबलो. तिने गरम पाण्यात मीठ घालून माझे पाय बुडवले आणि वर वांगी-पोपटाची भाजी वाढली. पोपट म्हणजे आमच्याकडच्या वालाच्या शेंगा.

दुसरा दिवस जंगलाचा. रेल्वेलाइन ओलांडून दक्षिणेकडे निघालो. गावं विरळ होत गेली, मग साग आणि ऐन सुरू झाले. या भागात बिबट आणि अस्वल दोन्ही आहेत, त्यामुळे एकट्याने धावू नका आणि उजाडल्याशिवाय तर मुळीच नको. बाबा आता पुढे जात नव्हते. लुना अगदी माझ्या मागे ठेवून मधूनमधून हॉर्न वाजवत होते. खरं सांगू, दोन वर्षं मनात धावलेला रस्ता आता पायाखाली होता आणि मन एक क्षण शांत नव्हतं. ताई काय म्हणेल, तिला मी काय विचारू, हेच चालू होतं. नदीकाठच्या त्या वाटेवर जे सहज मिळायचं ते इथे, माझ्या मातीत, मिळत नव्हतं. आणि चक्क त्या गारठलेल्या नदीची आठवण आली. आपल्या घराच्या रस्त्यावर परक्या गावाची ओढ लागावी, याचं मला वाईटही वाटलं.

झाडं संपली आणि एकदम तलाव दिसला. तीन बाजूंनी टेकड्या, निळंकरडं पाणी, त्यावर बदकांचे काळे ठिपके. ताईचं गाव तिथून जवळच. वळणावर ती उभी असेल असं मला सारखं वाटत होतं. नव्हती. खळ्यावर चुरणी, म्हणजे धानाची मळणी, सुरू होती आणि ती तिथे तोंडाला फडकं बांधून सुपाने धान उफणत होती. मला पाहून फडकं खाली केलं. "आली का? हातपाय धू. बाबा, या." आणि पुन्हा सूप उचललं.

संध्याकाळी भाऊजींनी तलावातली मासोळी आणली. ताईने झणझणीत रस्सा केला, माझ्या ताटात काटे काढून तुकडे टाकत राहिली, पण बोलली ती बाबांशीच. जेवण झाल्यावर मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, सकाळी तलावाच्या बांधावर, पाळीवर धावू, येशील का. तिने भांडी गोळा करता करता सांगितलं की तिच्या पायांना आता चिखलाची सवय आहे.

तरी सकाळी ती आली. नऊवारी नाही, साधी सुती साडी, वर भाऊजींचं स्वेटर. ऊन नुकतंच पाण्यावर उतरत होतं. पाळीवर आम्ही दोघी चालत होतो. शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, "त्या दिवशी फोनवर मी बोललो, त्याचा तुले राग आला का?"

ती थांबली. "कोनत्या दिवशी?"

"धावताना शांत वाटते म्हून सांगितलं होतं. त्याच्यानंतर तू बोलतच नाईस."

ताई पाळीच्या दगडावर बसली. जे तिने सांगितलं ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, उजाडता उजाडता, ती या पाळीवर धावायला येत असे. सासूला सांगायची, तलावावर जाऊन येतो. भरती तर सुटलेलीच होती, वयही जात होतं. कोणी फेऱ्या मोजत नव्हतं, घड्याळ नव्हतं. पाण्यावर वाफ असायची, बदकं असायची, ती अनवाणी धावायची. "कायले धावून राहिलो ते मलेच मालूम नोतं," ती म्हणाली. "पन सुजू, भरतीसाठी इतकी वर्सं धावलो, तसं कधी वाटलं नाई."

मी विचारलं, मग थांबलीस कशाला, कोणी काही म्हटलं का.

"कोनी नाई म्हटलं. एक दिवस गेलो नाई. मंग दुसऱ्या दिवशी नाई गेलो. मंग गेलोच नाई." मग तिनेच फोनचं काढलं. "तू फोनवर सांगत होतीस त मले ते सगळं दिसून राहिलं. राग नोता वो. बोलता येत नोतं."

मला वाटलं होतं, आता ती उठेल, पदर खोचेल आणि माझ्याबरोबर धावेल. तशी ती उठली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. तिनेच सांगितलं, तू धाव, मी बसतो. मी पाळीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. येताना ती लांबून लहान दिसत होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसलेली. जवळ आले तेव्हा म्हणाली की मी खांदे आवळून धावते, श्वास तिथेच अडकतो, ते सैल सोड. मी सोडले आणि अजून एक फेरी मारली. त्या फेरीत श्वास पार पोटापर्यंत उतरत होता.

दुपारी निघालो. लुनावर बाबांच्या मागे बसून, पाय दुखत होते म्हणून. ताईने पोतडीत नवे तांदूळ बांधून दिले. वळणावर मागे पाहिलं तर ती खळ्याकडे जात होती, झपझप, धावल्यासारखीच.

सुट्टी संपली. तांदूळ विमानतळावर वजनात बसेनात, निम्मे मायकडे परत गेले. आता हे लिहितेय ते वसतिगृहाच्या खोलीत, खिडकीबाहेर बर्फ आहे. नदीकाठची वाट तशीच आहे, पण पूर्वीसारखं मन रिकामं होत नाही. श्वास पाहायला जाते आणि पाण्यावरची वाफ दिसते, त्यात कोणीतरी अनवाणी धावतंय. आधी मला हे बिघडल्यासारखं वाटलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, दिसते त दिसू दे. सध्या तेच करते. जे हरवलंय ते माझं नाही, ताईचं आहे, आणि तरी ते मलाच हवंहवंसं वाटतं. याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

परवा धावत असताना तिचा फोन आला. आजवर तिने आपणहून कधी लावला नव्हता. धापा ऐकून तिने विचारलं, धावून राहिली का. मी हो म्हटलं. मग म्हणाली, "बरफावर पाय वाजते का?"

मी फोन हातात खाली धरला, पायांजवळ जाईल तितका, आणि धावत राहिले. कोवळा बर्फ बुटाखाली करकरत होता. पुलापाशी थांबून फोन कानाला लावला. आधी वाटलं, लाइन तुटली. मग तिचा आवाज आला.

"आखीन थोडं जा."

मी फोन पुन्हा खाली धरला आणि पूल ओलांडला.