तंबूबाहेर बसलेला साडू

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी या ग्रुपवर बऱ्याच वर्षांपासून आहे, पण अनुभव वाचायला नाही... हसायला. लंच ब्रेकमध्ये सँडविच खाताना तुमच्या घाटात लिफ्ट मागणाऱ्या बायका, उलटे पाय, रिकाम्या फ्लॅटमधले पैंजण वाचायचे आणि खाली "बापरे, काटा आला अंगावर!" लिहिणाऱ्यांची कीव करायची. चांगली शिकलेली माणसं असता तुम्ही. लाइट गेले की ज्यांना इलेक्ट्रिशियनच्या आधी मांत्रिक आठवतो, त्यांच्याबद्दल मला कधीच आदर नव्हता. आजही फारसा नाही.

तरी लिहितोय. कारण हे माझ्याच बाबतीत घडलंय आणि माझ्यावर मी हसू शकत नाहीये.

मी मंदार. मूळचा पुण्याचा, आता हाउन्सलोला राहतो, एअरपोर्टवर कार्गोमध्ये शिफ्ट मॅनेजर आहे. माझी बायको वर्षा. तिची मोठी बहीण माधवीताई एडिनबराला असते आणि तिचा नवरा हेमंत, म्हणजे माझा साडू, तिथल्या युनिव्हर्सिटीत आयटीमध्ये आहे. मी त्याला तोंडावर हेमंतराव म्हणतो, तुम्ही म्हणतो. मनात काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

या माणसाचं एकच वेड. फुकट कॅम्पिंग. कॅम्पसाइट नाही, टॉयलेट नाही, नळ नाही. पाठीवर बोजा घ्यायचा, सरकारी जंगलात शिरायचं आणि दिसेल तिथे तंबू ठोकायचा. "तुमच्या इंग्लंडमध्ये असं करून दाखव! हाकलून देतील. स्कॉटलंडमध्ये हक्क आहे आपला, हक्क!" हे तो अशा थाटात सांगतो, जणू तो कायदा त्यानेच उपोषण करून मिळवलाय. माणूस कोणाचंही वाक्य पूर्ण होऊ देत नाही. तुम्ही "काल माझं डोकं" म्हणालात, की तो "डोकं ना? माझं तर..." करून सुरू.

गेल्या जूनमध्ये आम्ही एडिनबराला गेलो. दोघी बहिणींना दोन दिवस निवांत गप्पा मारायच्या होत्या आणि त्यासाठी आम्हा दोघांना घराबाहेर घालवणं गरजेचं होतं. "जा ना रे, तेवढीच तुमची दोस्ती होईल," माधवीताई म्हणाली. म्हणून मी गेलो. दोस्तीसाठी नाही. त्या महिन्यात मला वर्षाच्या नजरेसमोर थोडं कमीच राहायचं होतं... ते का, ते पुढे येईल.

जागा नीट सांगतो, कारण इथे लगेच "लोकेशन?" विचारणारे तपासनीस बसलेले असतात. पर्थशर. पिटलॉक्रीवरून आत, लॉख रॅनोख नावाचं लांबलचक तळं आहे, त्याच्या दक्षिण काठावरचं पाइनचं जंगल. गाडी रस्त्याकडेला लावून आम्ही चढावर आत गेलो. रस्त्याजवळ एक कॅम्परव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, उभी होती, बाहेर खुर्च्या टाकून एक म्हातारं जोडपं चहा पीत होतं. हेमंत त्यांच्याकडे बघून मला म्हणाला, "बघ. डबाबंद लोक. यांना निसर्ग काय कळणार?" मला त्या खुर्च्या फार आवडल्या होत्या.

तंबू लावला ती जागा म्हणजे शेवाळाची गादी, चार पाइन आणि समोर आडवा पडलेला ओंडका. आणि मिजेस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... डोळ्याला धड न दिसणारी चिलटं, पण चावतात अशी की माणूस स्वतःला मारून मारून लाल होतो. हेमंत पाच मिनिटं गप्प बसू शकत नव्हता. फटाक मानेवर, फटाक कपाळावर, आणि मध्येच "काय शांतता आहे ना!"

संध्याकाळी आमचं वाजलं. कारण क्षुल्लक. त्याने येताना पाणी घेतलं नव्हतं. ओढ्याचं पाणी "अमृत" असतं म्हणे. मी म्हटलं, "हेमंतराव, वर मेंढी मेलेली असली तर त्या अमृतात काय असतं, माहितीय का?" तो भडकला. "तू ना मंदार, तू कार्गोतच राहायच्या लायकीचा आहेस!" पाण्याची पिशवी उचलली आणि ताडताड खाली ओढ्याकडे निघून गेला. ओढा हाकेच्या पलीकडे होता, उतारावरून बराच खाली.

मी तंबूत शिरलो, चेन लावून घेतली, स्लीपिंग बॅग पायावर ओढली आणि चिवडा खात बसलो. बारीक भुरभुर सुरू झाली होती. अंधार नव्हता, हे लक्षात घ्या. जूनमध्ये तिथे दहा वाजेपर्यंत पेपर वाचता येतो.

बऱ्याच वेळाने बाहेर पावलं वाजली. ओंडक्यावर कोणीतरी बसलं. तंबूच्या कापडातून हेमंतचा आकार दिसत होता, ती बसकी टोपी, ते पुढे आलेलं पोट.

"झोपलास का रे मंदार?" हेमंतचाच आवाज. पण रागाचा मागमूस नाही.

"नाही," मी म्हटलं. "पाणी आणलंत?"

"ते राहू दे आता," तो म्हणाला. मग, "काय झालंय तुला? आल्यापासून तू इथे नाहीयेस."

मला आजही कळत नाही, मी का बोललो. कापड मध्ये होतं म्हणून असेल, तोंड दिसत नव्हतं. मी सांगून टाकलं. खोकला जात नव्हता म्हणून स्कॅन केला होता, फुप्फुसावर डाग दिसला होता, बायॉप्सीची तारीख आली होती आणि मी वर्षाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तिच्यासमोर चहा प्यायचो आणि तसाच कामावर निघून जायचो. माझे वडील त्याच आजाराने गेले, तेव्हा आई कशी झाली होती, तेही सांगितलं. हे मी आयुष्यात कोणाला सांगितलेलं नाही.

बाहेरचा माणूस ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही. मी थांबलो की तोही थांबायचा, मी परत बोलेपर्यंत.

माझं संपल्यावर म्हणाला, "वर्षाला सांग. ती रडेल, मग चिडेल, मग बॅग भरून तुझ्याबरोबर हॉस्पिटलला येईल. तिच्यावर एवढा तरी विश्वास ठेव."

मला रडू आलं. चिवडा हातात धरून एक बेचाळीस वर्षांचा माणूस जंगलात रडतोय... हसा खुशाल.

मग तो उठला. "चल. ये आता खाली. उजेड आहे तोवर ये."

"कुठे खाली?"

"ओढ्यापाशी."

"अहो, आत्ताच तर आलात तिथून!" मी चेन उघडली.

ओंडक्यावर कोणी नव्हतं. झाडं विरळ होती, कुठल्याही बाजूला पळणारा माणूस दिसला असता. मी दोन हाका मारल्या. मग माझी सटकली. म्हटलं, याने माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि आता मजा करतोय. त्याला तिथेच चार शब्द सुनवायचे म्हणून मी तणतणत उतार उतरलो.

हेमंत ओढ्यात पडलेला होता. डावा पाय दोन दगडांच्या फटीत अडकलेला, गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला. कमरेपर्यंत पाण्यात. ओठ निळे. शेजारी पाण्याची पिशवी, अर्धवट भरलेली. तो तिथून हललेला नव्हता, हलणं शक्यच नव्हतं.

मला बघून तो वैतागून म्हणाला, "परत कुठे गेला होतास तू?"

"हेमंतराव, मी आत्ता येतोय. काय झालं?"

"आत्ता कसला? इतका वेळ इथे बसून डोकं खात होतास..." त्याचे दात वाजत होते.

मी लक्ष दिलं नाही. थंडीने बरळतोय, म्हटलं. दगड हलवून पाय सोडवताना त्याने फोडलेली किंकाळी अजून कानात आहे. ओढत काठावर आणलं, वर धावत जाऊन दोन्ही स्लीपिंग बॅगा आणल्या, त्याला गुंडाळलं आणि रस्त्याकडे पळालो. फोनला सिग्नलचं नाव नाही. रस्त्यावर भेटले कोण? डबाबंद लोक. म्हाताऱ्याने एक प्रश्न विचारला नाही, व्हॅन घेऊन गावाकडे फोन करायला गेला. म्हातारी ब्लँकेट आणि थर्मास घेऊन माझ्याबरोबर चढ चढली. माझ्यापेक्षा लवकर.

रेस्क्यूवाले आले, स्ट्रेचरवरून नेलं. हॉस्पिटलमधला डॉक्टर म्हणाला, अजून थोडा वेळ तसाच पडून राहिला असता आणि झोप लागली असती, तर उठला नसता.

दोन दिवसांनी हेमंत पलंगावर बसून टोस्ट खात होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सहज विचारलं, "ओढ्यात मी तुमच्याशी काय बोलत होतो?"

"शिव्या देत होतास," तो म्हणाला. "सतत. माझे डोळे मिटायला लागले की तुझं सुरू. माझा तंबू, माझी चूल, माझे बूट... काही सोडलं नाहीस. मला एवढा संताप आला ना मंदार, की झोपच उडाली. म्हटलं, एकदा पाय सुटू दे, याला बुडवतो."

मला हसू आलं. मग तो म्हणाला, "एक तर फारच लागलं रे. म्हणालास, तुम्हाला निसर्ग आवडत नाही हेमंतराव, तुम्हाला फुकटचं लॉज आवडतं, आणि छताऐवजी झाडं असली की मालकाला तोंड दाखवावं लागत नाही."

मी कॉफी बाजूला ठेवली.

ते वाक्य माझं होतं. शब्दशः. येताना पिटलॉक्रीला टॉयलेटच्या रांगेत उभा असताना मी ते मनात जुळवलं होतं, परत गेल्यावर वर्षाला ऐकवायचं म्हणून. पण ते मी कोणालाही बोललो नव्हतो. वर्षालासुद्धा नाही.

"आणि मी कुठे बसलो होतो?" मी विचारलं.

"समोरच्या दगडावर. कोरडा ठणठणीत. मदत करायची सोडून बडबडतोय, म्हणूनच तर राग आला."

तेव्हा मला आणखी एक आठवलं. तंबूबाहेर बसलेल्या हेमंतने तेवढ्या सगळ्या वेळात एकदाही स्वतःला फटका मारला नव्हता. त्या चिलटांच्या ढगात तो निश्चल बसून होता.

आता तुमची स्पष्टीकरणं सुरू होतील, म्हणून आधीच सांगतो, ती सगळी ऐकून झालीत. हेमंतची मुलगी इरा इथेच वाढलेली. ती म्हणाली, "काका, बाबाचा ब्रेन खूप थंड झाली होती ना, मग असं लोक दिसते." बरोबर आहे, तिच्या बाबाला दिसलं. मला का दिसलं? मी स्लीपिंग बॅगेत उबदार बसलो होतो. ऑफिसमधला एक मित्र, आठवड्याचा कोर्स करून समुपदेशक झालेला, म्हणाला, "तुझंच अंतर्मन बोललं रे ते." माझं अंतर्मन मी ओळखतो. ते इतकं समंजस नाही. आणि माझ्या अंतर्मनाला हेमंत ओढ्यात पडलाय हे कोणी कळवलं? नागपूरच्या एका मावशींनी तर कुलदैवताचं काय राहिलंय ते विचारलं. त्यांना मी ब्लॉक केलं.

वर्षाला मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्येच सगळं सांगितलं, डागाचं. ती रडली. मग इतकी चिडली की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून गेले. मग बायॉप्सीला माझ्याबरोबर आली, बॅग भरून. डाग जुन्या संसर्गाचा निघाला, मी ठीक आहे. हेमंतच्या पायात सळई आहे. तो कुबड्यांवर असतानाच नकाशे उघडून बसला होता, पुढच्या जंगलासाठी. मला विचारलं, येतोस का. मी त्याला जे म्हणालो ते छापण्यासारखं नाही, पण आता मी त्याला तू म्हणतो, एवढं झालंय.

परवा फोनवर त्याने विचारलं, "अरे, मी वर येऊन तुझ्याशी काय बोललो म्हणतोस, ते एकदा सांग ना." मी सांगायला लागलो. "मी तंबूत बसलो होतो आणि तू..." एवढ्यात त्याने मला तोडलं, "तंबू ना? अरे नवीन तंबू बघितलाय मी..." आणि अर्धा तास तंबूवर बोलला.

मी फोन कानाला धरून ऐकत राहिलो. हा माणूस त्या ओंडक्यावर बसून, मध्ये एक शब्द न बोलता, माझं सगळं ऐकून घेईल? शक्यच नाही. ओढ्यात अडकलेला नसता, तरीही नाही.

मग माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मी पहिल्यांदा कोणाला सांगितली, हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. उगाच कमेंटमध्ये शहाणपण करू नका.