दुर्बीणबाईंची पट्टी

तीन बारीक भोकांचं ऑपरेशन आणि त्यावर पोटभर वीतभर रुंदीची पट्टी, हे आमच्या मॅडमच करू जाणोत. महाडात त्यांना नावानं फारसं कुणी ओळखत नसे. दुर्बिणीतून गर्भपिशवीच्या गाठी काढतात म्हणून त्या दुर्बीणबाई. मी त्यांच्या दवाखान्यात सिस्टर होते आणि बँडेजचे रोल असे उधळलेले पाहून माझा जीव वरखाली होई.

पट्टीमागचं कारण मात्र मला ठाऊक होतं. पोटावर मोठा छेद असला की घरचे बाईला काम सांगायला कचरतात. दुर्बिणीची बाई दोन दिवसांत चालत घरी जायची, पोटावर दाखवायला काही नाही, मग हंडा कमरेवर यायला कितीसा वेळ? "भोकं लहान आहेत, आतलं काम लहान नाही," असं मॅडम आधी समजावून सांगत. कुणी ऐकेना, तेव्हा पट्टी बांधू लागल्या. वर घरच्यांना बजावत, "बाळंतिणीसारखा सव्वा महिना धरा. पट्टी मीच सोडणार." एरवी हसतमुख बाई, पण हे सांगताना अशा काही गंभीर होत की मला तोंड फिरवून हसू आवरावं लागे.

पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली सुनंदा अशीच पट्टी बांधून गेली. लावणी तोंडावर आलेली, गोठ्यात म्हशी, सासू कडक. तिला अजून मूल व्हायचं होतं, म्हणून मॅडमनी पिशवी राखून नुसती गाठ काढली होती आणि आतून टाके घातले होते. इतक्यात ओझं उचललं तर सगळ्यावर पाणी पडेल, ही त्यांना धास्ती. तिची रिक्षा वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात सासू सुनंदाला घेऊन हजर झाली. आंघोळ घालताना पट्टी भिजली म्हणून तिनं ती सोडली होती आणि खाली पाहते तर तीन ठिपके. आता आमची शोभा होणार, म्हणून मी मॅडमच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

म्हातारीनं घडी केलेली पट्टी टेबलावर ठेवली. "येवढ्याशा भोकांना येवढी पट्टी कशाला, बाय?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "तुम्ही तिला लगेच खाचरात उतरवलं असतं म्हणून."

म्हातारीनं सुनेला बाहेर बसायला सांगितलं. "उतरवलीच असती," ती म्हणाली. "मी पन उतरली व्हती. धाकट्याच्या बाळंतपनात माजा सव्वा महिना कोनी धरला नाय. तवापासून अंग बाहेर येतंय. कोनाला सांगितलं नाय."

मॅडमनी स्वतः उठून तिला हात धरून तपासायला नेलं. त्या वर्षी सुनंदा लावणीला गेली नाही आणि सासूही नाही. मुलानं भावकीला बोलावून शेत उरकलं. पावसाळा सरल्यावर म्हातारीच्या खाली उतरलेल्या पिशवीचंही ऑपरेशन झालं.

त्यानंतर मॅडम पेशंटच्या आधी सोबत आलेल्या सासूला, आईला आत बोलावत आणि विचारत, "तुमचं काय दुखतं?"

आता मॅडम पुण्याला आपल्या मुलीकडे असतात. नवीन डॉक्टर चांगल्या आहेत, तरी मला मॅडमची फार आठवण येते. सोबतच्या बाईला तो प्रश्न हल्ली मीच विचारते. "मला काय झालंय गो," म्हणत बहुतेक जणी हसतात. मग उठून दार लावून घेतात.