न पाहिलेल्या तुळया

लातूरच्या अदालतीत घराच्या वाटणीचा तंटा आला की मुन्सफसाहेब विरूपाक्षअप्पांना बोलावणं धाडत. अप्पांनी उमेदीची वीस वर्षं घरं बांधली होती. भिंत बोटानं ठोकून ते आतली माती कशी आहे ते सांगत. ज्या घराची किंमत करायची, तिथं ते पाणीसुद्धा पीत नसत. त्यांनी लिहिलेला आकडा दोन्हीकडचे लोक निमूट मान्य करत.

निजामाचं राज्य संपायच्या दोन वर्षं आधी कस्तुराबाईचं घर त्यांच्याकडे आलं. तिचा नवरा वारला होता आणि दीर अण्णाराव तिचा अर्धा हिस्सा विकत घेणार होता. अप्पा गेले त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता.

"वर कशाला चढता, अप्पा?" अण्णाराव म्हणाला. "तुळया वाळवीनं खाल्ल्यात. माळवद आज पडतंय का उद्या, असं झालंय."

शिडी भिंतीला टेकलेली होती. अप्पांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खालीच बसून कागद पुरा केला. कस्तुराबाई दाराआड उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

किंमत निम्म्यावर आली. मिळाले ते घेऊन कस्तुराबाई रेणापूरला भावाकडे गेली.

उन्हाळ्यात वर मजला चढवायला अण्णारावानं मातीचं माळवद उतरवलं. अप्पा तिथूनच चालले होते. रस्त्याकडेला सागवानी तुळया रचलेल्या, एकीलाही भोक नव्हतं. अप्पांनी एकीवर हात फिरवला, मग एकेक तुळई बोटानं ठोकून पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अदालतीत दरखास्त दिली : मी न पाहता लिहिलं.

"फैसला झालाय, अप्पा," मुन्सफसाहेब म्हणाले. "आता घर तिला मिळणार नाही. तुमचं काम मात्र जाईल."

"जाऊ द्या, साहेब."

काम गेलं. मग बायको गुरम्मा म्हणाली, "तिला तरी सांगून या."

रेणापुरात कस्तुराबाई लोकांचं दळण दळत होती.

"पाहिलंच न्हाई मी, बाई," अप्पा म्हणाले.

जात्याचा खुंटा न सोडता ती म्हणाली, "बारा वर्षं त्या तुळयांखाली निजले. कधी भुसा पडला न्हाई अंगावर. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं, अप्पा."

ती दळत राहिली. अप्पा परतले.

पुढं ते थापी घेऊन पुन्हा गवंडीकामाला लागले. कुणी घराची किंमत विचारली तर "दुसऱ्याला विचारा" एवढंच म्हणत. वर्षभरानं कस्तुराबाई तापानं गेल्याचं बाजारात कळलं. त्या दिवशी ते काम अर्धवट टाकून घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.